पोस्टात हरवलेलं प्रमाणपत्र

काराकोल, २१ फेब्रुवारी २०१९

बुरुल एजे,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पोचल्याची खूण दिसते, वाचल्याची दिसत नाही. म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. पत्ता मिळाला तो तू अपासाठी मोजे पाठवलेस त्या खोक्यावरून. नाव म्हणून नुसतं 'बी.' लिहिलंयस. सख्ख्या आईला मोजे पाठवतानाही माणूस लपून राहतं का गं?

काल अल्माटीच्या वकिलातीतून पासपोर्ट परत आला. व्हिसा नाकारला. कारण एका ओळीत दिलंय: मुदत संपल्यावर अर्जदार देश सोडेल याची खात्री वाटत नाही.

अर्जदार म्हणजे मी. पण खात्री तुझ्यामुळे वाटत नाही, हे त्यांनी लिहिलं नसलं तरी मला समजतं. वकिलातीच्या खिडकीमागची बाई अगदी मऊ आवाजात रशियन बोलत होती. म्हणाली, "याच विद्यापीठातून, याच अदलाबदलीच्या योजनेत, याच आडनावाची एक मुलगी गेल्या वर्षी आमच्याकडे लुब्लिनला गेली होती. तुमची कोण?"

"बहीण."

"सध्या कुठे असतात त्या?"

"घरी," मी म्हटलं. तोंडातून कसं निघालं कोण जाणे. मिनीबसमध्ये सात तास मी खरं बोलायचं ठरवत बसले होते.

ती पडद्याकडे बघत म्हणाली, "त्यांचा विद्यार्थी व्हिसा संपलाय. आणि त्यांनी देश सोडल्याची नोंद आमच्याकडे नाही." मग माझे कागद तिने नीट जुळवले आणि "आठवड्याने कळवू" म्हणाली. मला तिथेच कळलं होतं.

आपल्या विद्यापीठातून यंदा तिघांनी अर्ज केले होते. तिघांनाही नकार. दामिरा इसाकोव्नांनी परदेशी विभागात पंधरा वर्षं काढलीत, त्यांना हे कधी बघावं लागलं नव्हतं. मला समोर बसवून चहा दिला आणि म्हणाल्या, "तुझी बहीण परत येईल याची हमी मी सही करून दिली होती, मीरीम. माझ्या सहीला आता तिकडे कोण विचारतो?" बाकीची दोन मुलं दारात उभी होती. ती माझ्याशी बोलत नाहीत.

काय ठरलं होतं ते आठवतं का तुला? अपाला अर्धांगाचा झटका आल्यावर आपण दोघींनी ठरवलं होतं. आधी तू सहा महिने, मी घरी. मग मी सहा महिने, तू घरी. तिला उचलायला, आंघोळ घालायला, कूस बदलायला एकीने इथे असायलाच हवं. आके दिवसभर वरती स्की-तळावर रोपवेचे पाळणे चालवतात, नवऱ्याच्या भरवशावर तिला ठेवता येत नाही. हे सगळं तूच बोललीस, मी मान डोलावली. जूनमध्ये तुझी परीक्षा संपली आणि तू लिहिलंस, "मला इथेच दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला घेताहेत." तू विचारलं नाहीस. कळवलंस.

पदवीच्या प्रमाणपत्राचं म्हणशील, तर ते मी सप्टेंबरातच पाठवलं होतं. पोस्टाने हरवलं त्याला मी काय करणार? मुदतीत मूळ प्रत पोचली नाही म्हणून तुझा प्रवेश गेला, प्रवेश नाही म्हणून राहण्याचा परवाना नाकारला, हे वाईटच झालं. पण असं झालं की माणूस घरी येतं. तू तिथेच राहिलीस. कशाच्या आधारावर, ते तूच जाणे.

अपा बरी आहे. उजवा हात अजून उचलत नाही. तुझे मोजे तिला घट्ट होतात, तरी काढू देत नाही.

मीरीम


काराकोल, २४ मार्च

एजे,

तुझं पत्र मिळालं. आकेंनी पाकीट दहा वेळा उलटसुलट करून पाहिलं. "वाचून दाखव," म्हणाले. मी वाचलं, पण सगळं नाही. अळिंबीच्या शेडमध्ये काम करतेस एवढं सांगितलं. पहाटेपासून डोक्याला दिवा बांधून फळ्यांच्या तीन-तीन मजल्यांवर चढायचं, खताच्या वासाने जेवण जात नाही, बोटांना सुरीचे काप, हे गाळलं. त्यांना वाटतंय तू बागेत काम करतेस. म्हणाले, "एकीने मातीचं शास्त्र शिकलं, एक पाण्याचं शिकतेय, चिखल तुडवायला बाप आहेच." नेहमीचा विनोद. यावेळी कुणी हसलं नाही, तेसुद्धा नाही.

तुझ्या पत्रातलं मुख्य ते मी एकटीनेच वाचलं. तुझे शब्द इथे पुन्हा लिहिते, म्हणजे माझा गैरसमज झाला असेल तर तू दुरुस्त करशील: "परदेशी लोकांना फुकट सल्ला देणाऱ्या एक वकीलबाई भेटल्या. परवान्याच्या नकारावरचं माझं अपील अजून निकाली निघालेलं नाही. त्या म्हणतात, प्रमाणपत्र मुदतीच्या आत घरून निघालं होतं आणि वाटेत गहाळ झालं, एवढं दाखवता आलं तर विद्यापीठ प्रवेश परत देईल, आणि मग परवानाही मिळेल. वीस एप्रिलच्या आत पोस्टाची पावती हवी. फोटो चालेल. मीरू, तू माझ्यावर रागावलेली आहेस, ते बरोबरच आहे. पण खोटं बोलायची तुला सवय नाही, म्हणून तुझ्याकडेच मागते. पावती शोध."

मी शोधली. बहुतेक माझ्या करड्या कोटाच्या खिशात होती आणि कोट हिवाळ्याआधी धुतला गेला. पोस्टातही जाऊन आले. तिथली बाई म्हणाली की इतक्या जुन्या नोंदी काढता येत नाहीत. तारीख विचारलीस. एकोणीस सप्टेंबर असावी. किंवा एकवीस. तेव्हा अपाला ताप होता, माझं कशातच लक्ष नव्हतं.

आणखी एक सांगू का? पावती मिळाली, परवाना मिळाला, तर तू दोन वर्षं तिकडे. मग माझं काय? तुझ्या चार पानी पत्रात तेवढं एक वाक्य मला सापडलं नाही. मला नकार मिळाला हे मी तुला लिहिलं होतं. त्यावर तू "वाईट वाटलं" असं लिहिलंस. दोन शब्द. अळिंबीला दीड पान.

मीरीम


काराकोल, ७ एप्रिल

एजे,

परवा तू आकेंच्या फोनवर फोन केलास. सात महिन्यांनी तुझा आवाज ऐकला. तू खोकत होतीस. मला वाटलं होतं, पावतीवरून खोदून खोदून विचारशील. मी उत्तरं तयार ठेवली होती. कुठलं पोस्ट, किती वाजता, खिडकीत कोण होतं, सगळं. तू फक्त म्हणालीस, "नाही ना सापडत? राहू दे. तुझी काय चूक? मी जूनमध्येच यायला हवं होतं." आणि अपाला फोन द्यायला सांगितलंस.

तू भांडली असतीस तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

प्रमाणपत्र मी पाठवलंच नव्हतं.

बारा सप्टेंबरला मी ते घेऊन बिश्केकला गेले हे खरं आहे. परदेशात चालावं म्हणून लागतो तो सरकारी शिक्का मारून घेतला हेही खरं. तीन दिवस लागले. शेजारच्या तुर्सुनाय आजी तेवढे दिवस अपाजवळ बसल्या. चौथ्या दिवशी मी तिथल्या मोठ्या पोस्टात रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला. खिडकीतली मुलगी म्हणाली, "पाकिटात काय आहे?" मी म्हटलं, "कागद." तिने अर्ज पुढे केला. पाठवणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव. मी माझं नाव लिहिलं. तुझं लिहिताना हात थांबला.

माझ्या मनात काय आलं ते जसं आलं तसं लिहिते. हे पाकीट गेलं की एजे दोन वर्षं येत नाही. दोन वर्षांनी माझं शिक्षण संपलेलं असेल, आणि अदलाबदलीची योजना शिकत असलेल्यांनाच असते. म्हणजे मी जातच नाही. आणि हे पाकीट मीच माझ्या हाताने देतेय. मागचा माणूस म्हणाला, "ताई, लिहा की." मी म्हटलं, "नंतर येते," आणि बाहेर पडले.

तेव्हाही मला वाटत होतं की हे चार दिवसांचं आहे. तीस सप्टेंबरची मुदत टळली की तुझा प्रवेश रद्द होईल, तू चिडशील, रडशील, आणि विमानात बसशील. ऑक्टोबरात घरी. मग फेब्रुवारीत मी जाईन. कुणाचं काही बिघडणार नाही, फक्त ठरलं होतं तसं होईल. तू परत न येता तिथेच बिनकागदाची राहशील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तू इतकी हट्टी आहेस हे मला माहीत असायला हवं होतं.

पाकीट अपाच्या गादीखाली ठेवलं, पायाकडच्या बाजूला. तिथे कुणी बघणार नाही, कारण ती चादर मीच बदलते. रोज बदलताना हाताला कोपरा लागायचा. एकदा अपाने विचारलंसुद्धा, तिच्या त्या तुटक बोलण्यात, "काय... आहे... तिथे?" मी म्हटलं, "पुठ्ठा आहे, गादी सरकू नये म्हणून." तिने मान हलवली. ते सगळं तिच्या पायाखाली पडून होतं, एजे. सहा-सात महिने.

मी ते फाडलं नाही. असं स्वतःला किती वेळा सांगितलंय त्याला गणती नाही, जणू त्याबद्दल कुणी मला बक्षीस देणार आहे.

आणि अल्माटीच्या त्या बाईने मला नाकारलं ते तू परतली नाहीस म्हणून. तू परतली नाहीस, आणि कागदांवाचून तिथे अडकलीस ती माझ्यामुळे. म्हणजे माझा व्हिसा मीच नाकारला. त्या दोन मुलांचाही. दामिरा इसाकोव्नांच्या सहीची किंमतही मीच घालवली. पहिल्या पत्रात हे सगळं मी तुझ्या माथी मारलं. तेव्हाही मला हे ठाऊक होतं.

काल प्रमाणपत्र रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पावती सोबत आहे. तिच्यावर सहा एप्रिल तारीख आहे. या तारखेचा तुला काही उपयोग नाही, हे मला कळतं. म्हणून आणखी एक कागद जोडलाय, तुझ्या वकीलबाईंसाठी. त्यात मी माझं नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर घालून लिहिलंय की मी ते मुद्दाम अडवून ठेवलं, बहिणीचा यात दोष नाही. त्यांना दाखव. माझं पुढे काय व्हायचं ते होऊ दे.

माफी मागत नाही. मागितली असती तर तू दिली असतीस का, माहीत नाही, आणि दिली असतीस तर मला तुझा रागच आला असता. कारण तरीही मला वाटतं की तू आधी विचारायला हवं होतंस. एकदा. "मीरू, मी राहू का?" मी नाहीच म्हटलं असतं. पण विचारायला हवं होतंस.

मीरीम


काराकोल, २६ एप्रिल

एजे,

हे कुठल्या पत्त्यावर पाठवायचं ते कळत नाही, तरी लिहिते. लिहिलं नाही तर डोकं ठिकाणावर राहत नाही.

आज दुपारी एका ओक्सानाचा फोन आला. तुझ्या खोलीत राहायची म्हणाली. एकोणीस तारखेला सकाळी सीमा पोलीस शेडवर आले. दारं बंद केली आणि सगळ्यांचे कागद मागितले. ज्यांच्याकडे कामाची परवानगी नव्हती त्या पाच जणींना गाडीत बसवलं. त्यात तू. ओक्साना म्हणाली, तू हुज्जत घातली नाहीस, हातातली टोपली खाली ठेवलीस आणि एप्रनची गाठ सोडायला लागलीस. परत पाठवण्याचा हुकूम निघालाय. तीन वर्षं युरोपात पाऊल ठेवायचं नाही. अपिलावर आता कोण काय बघणार.

मी विचारलं, "तिला माझं पत्र मिळालं होतं का?"

ओक्साना म्हणाली, "एक पत्र आलं होतं आदल्या दिवशी. पलंगावर उघडंच पडलं होतं. वकीलबाईंकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाणार होती."

म्हणजे वाचलंस.

आकेंना मी एवढंच सांगितलं की तू येतेयस. त्यांनी लगेच तुझ्या खोलीची खिडकी रंगवायला घेतली.


काराकोल, ३० जून

एजे,

तू पलीकडच्या खोलीत आहेस आणि मी स्वयंपाकघरात बसून तुला पत्र लिहितेय. मी बोलायला आले की तू उठून जातेस. कागदाचं बरं असतं, वाचायचा की नाही ते तुझ्या हातात राहील. गेल्या आठवड्यातलं तुझं बोलणं मी नीट ऐकलंय, हे तुला कळावं म्हणून हे.

तू नऊ मेला आलीस. आके बिश्केकपर्यंत घ्यायला गेले होते. मेंढा कापायचा म्हणत होते, तू नको म्हणालीस. दारातून सरळ अपाकडे गेलीस. तिने तुझी बोटं डाव्या हातात धरली, एकेक काप चाचपत राहिली. संध्याकाळी मी चादर बदलायला गेले तर तू आधीच बदलली होतीस. त्या दिवसापासून त्या पलंगाला तू मला हात लावू दिला नाहीस.

पहिल्याच जेवणाला आकेंनी विषय काढला. "एका टपालवाल्यापायी पोरीची दोन वर्षं मातीत गेली. भेटला तर विचारीन त्याला."  मला वाटलं, आता तू सांगशील. तू पाव तोडत म्हणालीस, "हो आके. हरवलं. होतं असं कधी कधी." माझ्याकडे पाहिलंही नाहीस.

मग अकरा जूनला प्रमाणपत्राचं ते पाकीट परत आलं. घेणारी व्यक्ती पत्त्यावर नाही, असा शिक्का मारून. आके अंगणात गवत कापत होते, पोस्टाची बाई त्यांच्याच पुढ्यात उभी राहिली. तू धावत जाऊन सही केलीस. आकेंनी विचारलं, "काय गं आलं?" तू म्हणालीस, "माझ्या वह्या. तिकडून परत आल्या." आणि ते पाकीट न फोडता कपाटावर टाकलंस.

गेल्या सोमवारी दामिरा इसाकोव्नांचा फोन आला. बहीण परत आली आहे तर ऑक्टोबरच्या सत्रासाठी पुन्हा अर्ज कर, म्हणाल्या, तिच्या पासपोर्टवरच्या परतीच्या शिक्क्याची प्रत जोड, आता ते नाही म्हणणार नाहीत. मी नको म्हटलं. तू दारात होतीस. दीड महिन्यात पहिल्यांदा तू माझ्याशी बोललीस.

"नको का म्हणालीस?"

"तुझा हाकलून दिल्याचा शिक्का लावून मी जाऊ?"

"मला तर त्याचा काही उपयोग नाही. कुणाला तरी होऊ दे."

दुसऱ्या दिवशी चहाच्या कपाशेजारी प्रत ठेवलेली होती. मी ती उचलली नाही, तेव्हा तू म्हणालीस, "भर अर्ज. सहा महिने तरी रोज सकाळी तुझं तोंड बघावं लागणार नाही."

मी भरला. तोही नाइलाजाने भरला असं म्हणणार नाही. जायचं आहे मला. एवढं सगळं होऊनही जायचं आहे, हे मला स्वतःबद्दल कळलेलं सगळ्यात वाईट.

आणि मग परवा, आपण दोघी अंगणात चादरी वाळत घालत होतो. दोन टोकं दोघींच्या हातात होती, म्हणून तुला जाता येत नव्हतं. मी म्हटलं, "एजे, आकेंना सांग ना. किती दिवस बिचाऱ्या टपालवाल्याला शिव्या देणार ते? सांग, मग काय व्हायचं ते होऊ दे."

तू चादर झटकलीस. शांतपणे म्हणालीस, "सांगितलं तर आके तुझ्यावर ओरडतील. तू रडशील. अपा रडेल. आके आठ दिवस बोलणार नाहीत, मग बोलतील. शेजारच्या आजी मध्ये पडतील, आपल्या दोघींचे हात एकमेकींच्या हातात देतील. महिन्याभरात सगळं मिटेल." चिमटा लावलास. "मला ते मिटवायचं नाहीये."

मी म्हटलं, "मग मीच सांगते."

"तू सांगितलंस तर तुझं मन हलकं होईल," तू म्हणालीस. "तेवढंही करू नकोस."

मी नाही सांगितलं. सांगणारही नाही. तू माझ्याकडे मागितलेल्या गोष्टींपैकी एवढी एक तरी मी नीट पार पाडीन.

काल रात्रीच्या जेवणाला तू होतीस, तरी लिहिते, कारण तू मान खाली घालून बसली होतीस आणि तुला आकेंचा चेहरा दिसला नाही. अपाला त्यांनी उशीला टेकवून टेबलाशी बसवलं होतं. माझा अर्ज गेल्याचं कळल्यामुळे खुशीत होते. चहा ओतून घेत म्हणाले, "एक गेली, परत आली. आता दुसरी जाईल, तीही परत येईल. त्या पोस्टाचं सोडलं, तर आपलं नशीब काही वाईट नाही."

"हो आके," तू म्हणालीस, आणि पावाची थाळी माझ्याकडे सरकवलीस.

मीरीम